घरात जिम थाटताना : आधी जागा, मग वजनं, मशीन सर्वांत शेवटी

“घरात जिम करायची आहे, ट्रेडमिल कोणती घेऊ?” वाचकांच्या प्रश्नांत हा प्रश्न कायम असतो. दिवाळीचे सेल लागले की त्याचा जोर वाढतो, जानेवारीत पुन्हा वाढतो. काही महिन्यांनी मात्र त्याच विषयावर वेगळे प्रश्न येऊ लागतात. खालच्या मजल्यावरचे आवाजाची तक्रार करतात, काय करू? एवढं वजन स्लॅब पेलेल का? मशीन बंद पडलं, कंपनी नुसत्या तारखा देते, दाद कुठे मागायची? हे नंतरचे प्रश्न बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाच्या घाईतून आलेले असतात. म्हणून निर्णय ज्या क्रमानं घ्यायला हवेत, त्याच क्रमानं सगळं इथे मांडलं आहे. मापाची टेप हाताशी घेऊन वाचलंत तर अधिक उपयोग होईल.

पैसे कशावर घालायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढ माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारा व्यायाम करावा. भरभर चालणं त्यात मोडतं. त्याखेरीज आठवड्यातून किमान २ दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा, ताकदीचा व्यायाम करावा. वयाची ६५ वर्षं ओलांडलेल्यांसाठी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगितले आहेत.

आता हीच यादी खरेदीच्या नजरेनं पाहा. चालणं घराबाहेर होतं आणि फुकट होतं. ताकदीची सुरुवात जोर-बैठका आणि सूर्यनमस्कारांनी उत्तम होते, पण पुढे अडतं. पाठीसाठी काहीतरी ओढावं लागतं, पाय तयार होत गेले की वजनाची भर घालावी लागते. म्हणजे साधनांची खरी गरज आहे ती इथे. तरीही बहुतेक घरांत सगळे पैसे चालण्याच्या मशीनवर जातात आणि वजनांसाठी काही उरत नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे : पहिला खर्च वजनांवर करा.

याला खरेखुरे अपवाद आहेत. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि त्याला सोडून बाहेर पडता येत नसेल. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल आणि पावसाळ्यात चालणंच सुटत असेल. दाराबाहेरचा रस्ता अंधाराचा, खड्ड्यांचा, भटक्या कुत्र्यांचा असेल. किंवा मोकळी वेळ मिळते तीच रात्री अकरानंतर. अशांनी ट्रेडमिलचा किंवा व्यायामाच्या सायकलचा विचार जरूर करावा. त्यांच्यासाठी पुढे वेगळा भाग आहे.

घरात कोण कोण वापरणार तेही आत्ताच ठरवा. चाळिशीतली बाई, विशीतला मुलगा आणि सत्तरीचे आजोबा यांना एकच ठरावीक वजनाचं डंबेल चालत नाही. वजन कमी-जास्त करता येणारं साहित्य घेतलंत तर ते घरातल्या सगळ्यांचं होतं. आणखी एक गोष्ट आग्रहानं सांगतो. “बायकांना हलकी, रंगीत, एक-एक किलोची डंबेल्स पुरे” हा समज सोडून द्या. दळणाचा डबा आणि पाण्याची भरलेली बादली रोज उचलणाऱ्या हाताला एक किलोचा व्यायाम कसा होणार? पाळी गेल्यानंतर हाडं वेगानं ठिसूळ होऊ लागतात, त्या वयात वजनाच्या व्यायामाची गरज बायकांनाच अधिक असते.

जागा मोजा, डोक्यावरचीसुद्धा

फ्लॅटमध्ये जिमसाठी स्वतंत्र खोली मिळणं अवघड. तशी गरजही नाही. पुढची मापं बघा :

- सूर्यनमस्कार, जोर-बैठका, बँडचे व्यायाम : मॅट पसरून साधारण ६ × ३ फूट.
- डंबेल्स आणि बेंच : ६ × ८ फूट. हॉलमधला टीपॉय सरकवला की एवढी जागा निघते.
- ५ फुटी रॉड : भिंतीपासून भिंतीपर्यंत किमान ८ फूट.
- ऑलिम्पिक रॉड : हा २.२ मीटर लांब असतो. प्लेटा चढवायला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर धरला तर ३.२ मीटर, म्हणजे साडेदहा फूट. १० × १० च्या बेडरूममध्ये तो बसतो, पण प्लेटा चढवताना दर वेळी भिंतीला कोपर घासतं.
- ट्रेडमिल : मशीनची लांबी, अधिक पाठीमागे किमान २ मीटर मोकळी जागा, दोन्ही बाजूंना किमान अर्धा मीटर.

शेवटचं माप नीट वाचा, कारण ते जवळपास कुणीच पाळत नाही. घरगुती ट्रेडमिल दीड ते पावणेदोन मीटर लांब असते. १० फुटांची खोली म्हणजे ३.०५ मीटर. मागे उरतात सव्वा-दीड मीटर, आणि तिथे बहुतेक वेळा पलंगाचा कोपरा किंवा भिंत असते. पट्ट्यावर पाय अडखळला की माणूस मागे फेकला जातो. मागे भिंत असेल तर तो भिंत आणि फिरता पट्टा यांच्यामध्ये अडकतो आणि पट्टा त्वचा सोलून काढतो. ट्रेडमिल घ्यायचीच असेल तर बेडरूमचा नाद सोडा. हॉलमध्ये अशी ठेवा, की पाठीमागे मोकळी जमीन राहील.

डोक्यावरची जागा लोक हमखास विसरतात. पंख्याची पाती जमिनीपासून साधारण आठ फुटांवर फिरत असतात. मध्यम उंचीच्या माणसानं हात वर केले की मूठ पावणेसात-सात फुटांवर जाते. मुठीत डंबेल, पायाखाली रबर मॅट. उरलेलं अंतर वितीएवढं. वजन वर ढकलण्याचे व्यायाम आणि उड्या पंख्याखाली करूच नका. दोन पावलं बाजूला सरका किंवा पंखा बंद ठेवा. मुद्गल फिरवणार असाल तर ट्यूबलाइट आणि कपाटाची काचही मोजणीत धरा. ट्रेडमिलवर माणूस जमिनीपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर उंच उभा राहतो आणि धावताना वरखाली होतो. पॅसेजमधल्या माळ्याखाली म्हणूनच ती लावू नये.

आणि गॅलरी? हवा येते, नजारा दिसतो, म्हणून मशीन गॅलरीत ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नका. पाऊस-धुळीनं मशीन खराब होतं हे त्यातलं कमी महत्त्वाचं कारण. पट्ट्यावर तुम्ही अर्धा फूट वर चढलात की कठडा तेवढाच खाली जातो. कमरेच्या वर असलेला कठडा मांड्यांपाशी येतो, आणि तोल जाण्याची शक्यता ज्या मशीनवर सर्वांत जास्त, तेच तिथे असतं.

स्लॅब पेलेल का?

बहुतेकांची भीती इथे गरजेपेक्षा मोठी असते. निवासी खोल्यांचा स्लॅब भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानानं २०० किलो चलभार धरून आखलेला असतो. सत्तर किलोची ट्रेडमिल आणि तिच्यावरचा ऐंशी किलोचा माणूस हा भार त्या मर्यादेत बसतो. शंभर किलोच्या प्लेटा, बेंच आणि तुम्ही, हेही चालतं. फक्त सगळ्या प्लेटांची चळत खोलीच्या मधोमध रचू नका. भिंतीलगत, विशेषतः बीम असलेल्या बाजूला, पसरून ठेवा.

काळजी करावी अशा जागा वेगळ्या आहेत. लाकडी तुळयांच्या चाळी आणि वाडे, गळती लागलेले आणि सळ्या उघड्या पडलेले स्लॅब, नंतर वाढवून बंदिस्त केलेल्या गॅलऱ्या. अशा ठिकाणी जड वजनं नकोतच. तिथे बँड, मॅट आणि हलकी डंबेल्स यांवर भागवा. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तुमच्या सोसायटीकडे तो अहवाल असेल तर सभासद म्हणून तो मागून वाचा, आणि शंका असेल तर संरचना अभियंत्याला विचारा. बिल्डरचा माणूस, सुतार किंवा जिमचं साहित्य विकणारा यांचं मत या बाबतीत धरू नका.

स्लॅबला त्रास होतो तो आदळण्यानं. डेडलिफ्ट करून रॉड सोडून दिला की आधी लादी तडकते, मग खालच्या घरात दणका बसतो. त्यावर उपाय दोन. वजन उचललं तेवढ्याच सावकाश खाली ठेवायचं, आणि खाली १५ ते २० मिलिमीटर जाडीच्या रबरी टाइल्स घालायच्या. एकमेकींत अडकणाऱ्या रंगीत फोमच्या टाइल्स मुलांच्या खेळायला ठीक आहेत. जड वजनाखाली त्या दबतात, आणि त्यांवर उभं राहून वजन उचललं की पाय डगमगतो. काळं रबर संगमरवरावर आणि काही पांढऱ्या लाद्यांवर कायमचे डाग पाडतं, म्हणून मध्ये जुनी सतरंजी किंवा जाड प्लास्टिक घाला. नव्या रबराला वास येतो. टाइल्स चार-आठ दिवस हवेशीर जागी पसरून ठेवा, मग खोलीत आणा.

साहित्य कोणत्या क्रमानं घ्यावं

एकदम सगळं घेऊ नका. टप्पे करा, आणि एक टप्पा दोन-तीन महिने नियमानं वापरात आल्याशिवाय पुढचा पैसा बाहेर काढू नका.

पहिला टप्पा. चांगली मॅट, वेगवेगळ्या ताणाचे रेझिस्टन्स बँड, आणि घरातली न हलणारी खुर्ची. अंदाजे दोन-तीन हजारांत हे भागतं. बँडमुळे पाठीचे ओढण्याचे व्यायाम होतात. आजी-आजोबांनी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं हा त्यांच्यासाठी उत्तम व्यायाम आहे. बँड दरवाजात अडकवणार असाल तर दार तुमच्या दिशेनं उघडणारं नसावं. ताणलेला बँड निसटून डोळ्याला लागू शकतो, म्हणून वापरण्याआधी त्यावर चिरा पडल्यात का ते पाहायची सवय लावा.

दुसरा टप्पा. वजनं. गल्लत सर्वांत जास्त इथेच होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

“२० किलोची होम जिम किट” म्हणून जे मिळतं त्यात बहुधा सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेटा, तीन फुटी रॉड, डंबेलच्या दोन दांड्या आणि वर हातमोजे-दोरी असं सामान असतं. किंमत आकर्षक असते. पण तेवढ्याच वजनाची सिमेंटची प्लेट लोखंडापेक्षा सुमारे तिप्पट जागा खाते. तीन-चार प्लेटा चढवल्या की दांडी संपते. वजन वाढवायची वेळ येते तेव्हा वाढवायला जागाच नसते. प्लेट आदळली की कवच फुटतं आणि घरभर सिमेंटची भुकटी होते. त्यापेक्षा ओतीव लोखंडाच्या किंवा रबर चढवलेल्या प्लेटा घ्या. त्या वर्षानुवर्षं टिकतात आणि नको झाल्या तर किलोच्या भावानं विकल्या जातात.

घेताना एवढं तपासा :

- भोकाचं माप. साध्या रॉडच्या प्लेटांचं भोक साधारण २५ ते ३० मिलिमीटरचं असतं, ऑलिम्पिक रॉडच्या प्लेटांचं ५० मिलिमीटरचं. दोन्ही एकमेकांत चालत नाहीत. आज जे माप घ्याल त्याच मापात पुढची सगळी खरेदी करावी लागेल, तेव्हा विचार करून ठरवा. घरापुरतं बोलायचं तर बहुतेकांना साधं माप पुरतं.
- वजन खरं आहे का. दुकानातल्या काट्यावर प्लेट ठेवून बघा. एकाच आकड्याच्या दोन प्लेटांत फरक असेल तर दोन्ही हातांवर वेगवेगळा भार पडतो. किटच्या वजनात दांडीचं वजन धरलंय का, तेही विचारा.
- लॉक. चकतीचं लॉक आट्यांवर घट्ट बसलं पाहिजे आणि आत रबराची कडी हवी. आटे झिजलेले असतील तर ती दांडी घेऊच नका.
- पकड. मुठीच्या जागी खरखरीत नक्षी हवी. गुळगुळीत क्रोमची दांडी घामानं निसटते.

पहिल्या वर्षासाठी किती वजन? नवशिक्या बाईला प्रत्येक हाती १० किलोपर्यंत वाढवता येईल अशी जोडी पुरते, पुरुषाला २० किलोपर्यंत. सुरुवात त्याच्या निम्म्याहूनही कमी वजनानं करा. एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा नीट करता येईल असं वजन धरा. बाराव्यांदा उचलतानाही सहज वाटू लागलं की थोडी भर घाला.

बेंचवर जी भारक्षमता लिहिलेली असते त्यात तुमचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. ७५ किलोचा माणूस ४० किलो उचलणार असेल तर १५० किलोच्या आतलं बेंच घेऊ नका. दुकानात त्यावर आडवे होऊन दोन्ही बाजूंना हेलकावा द्या. पाय हलले तर दुसरं पाहा.

पुलअप बार हवा असेल तर आधी भिंत ओळखा. चौकटीत नुसता दाबून बसवायचा बार नव्या फ्लॅटच्या पातळ चौकटींत धोक्याचा, तो वजनाखाली सरकतो. भिंतीत बसवायचा असेल तर काँक्रीटची किंवा नऊ इंची विटांची भिंत चांगली. गेल्या काही वर्षांतल्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या असतात. टिचकी मारली की पोकळ आवाज येतो, ड्रिल लोण्यासारखं आत जातं आणि पांढरी-करडी भुकटी पडते. तिथे साधे फास्टनर कधीतरी उपटून येणारच. अशा घरात जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्या.

तिसरा टप्पा म्हणजे रॅक, लांब रॉड किंवा मशीन. पहिले दोन टप्पे सहा महिने अंगवळणी पडले असतील, तरच इकडे वळा. अनेकांना याची गरजच पडत नाही.

ट्रेडमिल घ्यायचीच असेल तर

- मोटारची ताकद दोन आकड्यांत सांगतात. ‘पीक’ म्हणजे क्षणभर मिळणारी ताकद, ‘कंटिन्युअस’ म्हणजे सलग मिळणारी. जाहिरातीत मोठ्या अक्षरात पीक असते. तुम्ही सलग ताकदीचा आकडा विचारा आणि तो बिलावर लिहून घ्या.
- भारक्षमता घरातल्या सर्वांत वजनदार माणसापेक्षा किमान २० किलो जास्त हवी.
- नुसतं चालायचं असेल तर ४० सेंटिमीटर रुंद पट्टा पुरतो. धावणाऱ्याला ४५ किंवा अधिक हवा, आणि उंच माणसाला लांबीही जास्त लागते.
- गीझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्डवर ट्रेडमिल चालवू नका, वायर तापते. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर लागेल.
- पट्ट्याखाली ठरावीक मुदतीनं सिलिकॉन तेल घालावं लागतं. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल नको. तेल घालायला विसरलात की घर्षण वाढतं, भार मोटारवर येतो आणि बहुधा आतलं कंट्रोलर कार्ड जळतं.
- दुकानात बूट घालून दहा मिनिटं चालून बघा. लाज वाटून घेऊ नका.

वीज वारंवार जात असेल किंवा खालच्या मजल्यावर आजारी माणूस असेल तर ट्रेडमिलऐवजी व्यायामाची सायकल अधिक बरी. तिच्यात आदळणं नाही, जागा निम्मी लागते आणि साध्या सायकलला वीजही लागत नाही. गुडघेदुखी असलेल्यांनाही ती सहसा सोसते.

एकट्यानं व्यायाम करताना

जिममध्ये सेट मारताना मागे कुणीतरी उभं असतं. घरात नसतं. म्हणून लांब रॉडनं बेंच प्रेस एकट्यानं करू नका. हात थकले की रॉड छातीवर किंवा गळ्यावर येतो आणि आवाजही फुटत नाही. डंबेल्स घ्या, ती बाजूला सोडता येतात. किंवा जमिनीवर पाठ टेकून दाबा, तिथे कोपरं जमिनीला टेकली की भार थांबतो. खांद्यावर रॉड घेऊन बैठका मारायच्या असतील तर आडव्या सुरक्षा-दांड्या असलेला रॅक हवाच.

डंबेलचं लॉक प्रत्येक सेटच्या आधी पिळून बघा. ते वापरात सैल होत जातं. डोक्याच्या वर धरलेल्या डंबेलची प्लेट सुटली तर ती कुठे पडेल ते सांगायला नको.

लहान मुलं असतील तर प्लेटा भिंतीला उभ्या टेकवून ठेवू नका, त्या मुलांच्या पायावर पडतात. ट्रेडमिलची लाल सुरक्षा-किल्ली व्यायाम झाला की काढून कपाटात ठेवा आणि प्लग उपटा. फिरत्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला चिमुकली बोटं सहज ओढली जातात. किल्लीची दोरी चालताना तुमच्या कपड्यांना अडकवलेली असावी. ती दोरी त्यासाठीच असते.

छातीत दुखणं, चक्कर, ताब्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, मणक्याचं दुखणं, गरोदरपण, किंवा इन्सुलिन चालू असणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजनं उचलू नका.

पावसाळ्यात, विशेषतः किनाऱ्यालगतच्या गावांत, लोखंडावर आठवड्याभरात तांबूस थर दिसू लागतो. वापरून झाल्यावर घाम पुसा, महिन्याकाठी मशीन ऑइलचा हलका हात फिरवा आणि प्लेटा थेट लादीवर न ठेवता फळीवर ठेवा.

सेकंडहँड घ्यावं का?

लोखंडी प्लेटा, रॉड, बेंच : जरूर घ्या. लोखंड जुनं होऊन हलकं होत नाही. वरचा गंज घासून काढता येतो. फक्त रॉड जमिनीवर घरंगळवून बघा. वाकलेला असेल तर तो गचके खात जातो.

ट्रेडमिल घेताना ती तुमच्या वजनासह किमान पंधरा मिनिटं चालवून बघा. पट्टा थबकतो का, जळका वास येतो का, पडद्यावर एररचा आकडा उमटतो का, ते पाहा. मूळ बिल मागा आणि सुटे भाग मिळतात का ते कंपनीला फोन करून विचारा. वस्तू न बघता आगाऊ पैसे पाठवू नका. तुम्ही जुनं सामान विकत असाल तर आणखी एक काळजी घ्या. “हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील” असं समोरचा म्हणाला की व्यवहार तिथेच थांबवा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक असते.

सोसायटी काय म्हणू शकते, काय नाही

स्वतःच्या घरात, स्वतःच्या वापरासाठी व्यायामाचं साहित्य ठेवायला सहसा सोसायटीची वेगळी परवानगी लागत नाही. पण सभासदानं शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं काही करू नये हे सोसायटीच्या उपविधींत असतंच, आणि अशी तक्रार आली तर समिती तिची दखल घेऊ शकते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ मानली जाते. या वेळेत उड्या, दोरी, धावणं आणि लोखंड टाळा. पहाटे पाचला व्यायाम करणाऱ्यांनी पहिला तास मॅट, बँड आणि सूर्यनमस्कारांना द्यावा. त्यापुढचा माझा सल्ला कुठल्या कायद्यात नाही : साहित्य आणल्यावर पहिल्या आठवड्यात खालच्या घरी जाऊन “आवाज येतो का?” असं तुम्हीच विचारा. तक्रार लेखी होण्याआधी ती बोलण्यात मिटते.

- भिंत पाडून खोली मोठी करायची असेल तर सोसायटीची आणि महापालिका किंवा नगरपालिकेची परवानगी लागते.
- जिना, लॉबी, गच्चीचं दार या ठिकाणी बेंच किंवा सायकल ठेवता येत नाही. आगीच्या वेळी तोच सुटकेचा मार्ग असतो.
- फी घेऊन इतरांना शिकवू लागलात की तो व्यावसायिक वापर झाला. त्याला परवानग्या वेगळ्या, विजेचा दर वेगळा, आणि घरगुती वॉरंटी बहुधा रद्द.
- भाड्याच्या घरात भोक पाडण्याआधी मालकाची संमती लेखी घ्या, मेसेज चालेल. लाद्यांचे फोटो आधीच काढून ठेवा, म्हणजे घर सोडताना अनामत रकमेवरून वाद होणार नाही.

बिघाड झाला तर तुमचे हक्क

वॉरंटीचं कार्ड खरेदीच्या आधी वाचा. “मोटारला आजीवन वॉरंटी” असं लिहिलेलं असतं, पण कंट्रोलर कार्ड, पट्टा, पडदा यांना बहुधा एकच वर्ष. तंत्रज्ञ घरी येण्याचे पैसे कोण देणार, आणि तुमच्या तालुक्यात सेवा मिळते की जिल्ह्याच्या गावी मशीन न्यावं लागेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. ‘डिलिव्हरी’ म्हणजे इमारतीच्या फाटकापर्यंत की घरात जोडून देण्यापर्यंत, तेही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा तीच. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत विक्रेत्यानं सदोष वस्तू परत घेऊन पैसे दिले पाहिजेत. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” असं बिलावर छापलं म्हणून हा हक्क जात नाही. ऑनलाइन खरेदी असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे.

या क्रमानं जा :

१. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. मोडका भाग पोहोचतानाच मोडका होता हे सिद्ध करायला तोच कामी येतो.
२. तक्रार फोनवर करू नका. ईमेल करा, तक्रार क्रमांक घ्या.
३. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
४. तरीही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कंपनी दिल्लीची असली तरी तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.

दुकानातली बिलं हल्ली बहुतेक थर्मल कागदावर छापून येतात आणि त्यांची शाई काही महिन्यांत उडून जाते. बिल आणि वॉरंटी कार्ड हातात आल्या दिवशीच त्यांचे फोटो काढून ठेवा.